मागच्या शेल्फवरचं ताट

नवी बॅच आली की पहिल्या दिवशी मी टेबलावर चार वस्तू मांडते. खायच्या सोड्याचं पाकीट, फवारणीचा पंप, पांढऱ्या पावडरीच्या वाटाण्याएवढ्या गोळ्या, आणि काठ असलेलं एक भाजकं ताट. त्या ताटाच्या तळाला काळपट तपकिरी काहीतरी सांडून गोठलंय. काकवी सांडावी तसं. पहिल्या तीन वस्तूंना कुणी हात लावत नाही. ताट मात्र सगळे उचलून बघतात, उजेडात तिरपं धरतात, नख लावून बघतात.

"हे काय आहे ताई?"

"चुकीची माती," मी सांगते आणि पुढे बोलायला लागते.

पुढचं बोलणं असं असतं. बाकीच्या भट्ट्यांत भांड्याला चकाकीचा लेप आधी लावतात, मग भाजतात. सोड्याच्या भट्टीत भांडं बाहेरून कोरंच ठेवायचं. भट्टी बाराशेऐंशीच्या आसपास तापली, की गरम पाण्यात विरघळवलेला सोडा भोकातून आत फवारायचा. त्याची वाफ आगीबरोबर फिरते आणि मातीतल्या वाळूला धरून जागच्या जागी काच करते. आगीकडे तोंड असलेली बाजू संत्र्याच्या सालीसारखी होते. पाठमोरी बाजू कोरडीच राहते, नुसती तांबूस. वाफ भेटेल त्याची काच करते, म्हणून प्रत्येक भांड्याखाली या गोळ्या लावायच्या, नाहीतर भांडं शेल्फला कायमचं चिकटतं. मला हे उमजायला दोन वर्षं लागली. आता वीस मिनिटांत सांगून होतं.

ताटाबद्दल मात्र मी दोन शब्दांपलीकडे कधी बोलले नाही. ते इथे लिहिते.

माझी शाळा सातवीत सुटली. हिंगोलीकडच्या एका लहान गावातून लग्न होऊन मी नवी मुंबईला आले. नवरा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो, जुईनगरला आमची खोली आहे. तुर्भ्याच्या एमआयडीसीत, केमिकलच्या दोन कंपन्यांच्या मध्ये एका गाळ्यात हा स्टुडिओ होता आणि तिथे झाडलोटीला बाई हवी होती. मी झाडायला गेले. मग माती मळायला लागले, कारण शिकायला येणाऱ्यांची मनगटं दुखायची. सीवूड्स, नेरूळ, खारघरहून लोक यायचे. बँकेतले, कॉम्प्युटरवाले, एक दातांची डॉक्टर. सगळे गाडीतून उतरायचे आणि चिखलात हात घालायला आनंदाने तयार व्हायचे. मला त्याचं पहिल्यांदा फार हसू आलं होतं.

स्टुडिओ मॅडमचा. त्यांच्या हाताखाली आठ वर्षं काढली आणि अजूनही त्यांच्या चपलांचा आवाज आला की मी काही चुकलंय का ते आधी बघते. गॅसची चावी तीनदा तपासते. मॅडम ओरडत नाहीत. त्यांच्याकडे एक तार आहे, दोन टोकांना लाकडी मुठी लावलेली. कुणी चाकावर पहिलं चांगलं भांडं काढलं, की त्या तारेने ते उभं कापतात आणि दोन अर्धी बाजूबाजूला ठेवून दाखवतात, भिंत कुठे जाड, कुठे पातळ.

दातांच्या डॉक्टरने तीन रविवार घालवून एक उंच बरणी काढली होती. मॅडमनी ती कापली. बाई रडायला लागली.

"रडायचं तर नळाकडे जा," मॅडम म्हणाल्या. "मातीत मीठ नको. मला सोडा भट्टी करायचीये, सॉल्ट नाही."

सोड्याऐवजी मीठ टाकतात ती सॉल्ट भट्टी. सगळे हसले. डॉक्टरही हसली नाक पुसत. मीसुद्धा हसले. मॅडम चांगलं शिकवतात असं तेव्हा मला वाटायचं आणि आजही वाटतं. त्या बाईची पुढची बरणी सरळ आली होती.

भट्टीजवळ मला कुणी जाऊ देत नव्हतं. एकदा सोडा फवारणारा माणूस आला नाही. मॅडमनी स्टीलची लांब नळी लावलेला पंप एका विद्यार्थ्याच्या हातात दिला, तर भोकातून वाफ उलटी आली तसा तो मागे पळाला. मी झाडू टाकून पंप घेतला. तसलाच पंप गावी कापसावर मारायचो आम्ही. वारा कुठून येतो ते बघायचं, तोंड फिरवायचं, हात एका चालीने ठेवायचा. दहा मिनिटं मारून मी नळी बाहेर काढली. मॅडमनी आतून एक रिंग काढली. परीक्षेसाठी ठेवतात तशी मातीची कडी, लोखंडी सळईने भट्टीतून ओढून काढायची आणि तिच्यावर काच किती चढली ते बघायचं. त्यांनी ती पाण्यात टाकली, उचलली, फिरवून पाहिली.

"सगळीकडे सारखा बसलाय," त्या म्हणाल्या. "तुझा हात हलत नाही गं."

त्या दिवशी मी घरी चालत गेले. बसमध्ये बसावंसं वाटलं नाही. सातवीत मास्तरांनी वहीत बरोबरची खूण केली होती, त्यानंतर मला कुणी बरोबर म्हटल्याचं आठवत नाही. तेव्हापासून पंप माझा. मॅडमनी मला चाकावर बसू दिलं, जुना एप्रन दिला, कोन वाचायला शिकवलं. कोन म्हणजे मातीचे बारीक सुळके, भट्टीत ठेवायचे, ते वाकले की समजायचं पुरेशी आग झाली. हे सगळं मॅडमनी दिलं. ते नाकारलं तर मी खोटी पडेन.

माझी माय गावी चुली करते. करायची. ओढ्याकाठची चिकट माती आणून, भुसा घालून, मळून, दोनतोंडी चुली थापायची आणि आठवडी बाजारात विकायची. आता गॅस आला तरी थंडीत पाण्यासाठी बायका चूल घेतात. पण मायचे हात थरथरायला लागले. फवारणीला लोकांच्या रानात जायची त्यामुळे, की वयामुळे, ते गावच्या डॉक्टरने काही सांगितलं नाही. चहाचा पेला उचलला की निम्मा चहा लुगड्यावर. मग ती लोकांसमोर चहा नको म्हणायला लागली. चहा सोडला म्हणून सांगायची.

दिवाळीला गेले तेव्हा तिला मोबाईलवर सोडा भट्टीतली भांडी दाखवली. तिने एक फोटो बोटाने मोठा करून घेतला.

"ह्यो कप दोन कानाचा कशाला?"

"दोन हातांनी धरायला. पोरं करत्यात तिकडं. सूप पित्यात त्यात."

"दोन हातानं धरल्यावर सांडना मग," ती म्हणाली. फोटो परत मोठा करून बघितला. "आपल्या मातीचा व्हईल का तसला?"

मी हो म्हणाले. का म्हणाले, ते सांगते. स्टुडिओत माती पोत्यातून येते, पोत्यावर इंग्रजीत लिहिलेलं असतं, ते पोतं कापून पाणी घालायचं एवढं मला येत होतं. माती म्हणजे माती, भाजली की पक्की होते, जास्त भाजली की जास्त पक्की. मायच्या चुली अशाच व्हायच्या ना. माझं डोकं तेवढंच चाललं.

मी निघायच्या आदल्या दिवशी तिने माती मळली. भुसा न घालता, कारण चहा झिरपेल. जुन्या लुगड्यातून दोनदा गाळली, चुनखडीचा खडा राहू नये म्हणून. थांबत थांबत मळत होती. मी करते म्हटलं तर म्हणाली, "तुझ्या हाताची तू तिकडं करतीस की. ही माझी राहू दे." अडीच किलोचा गोळा असेल. त्यावर तिची बोटं उठली होती, पण एकेका बोटाच्या जागी दोन-दोन ठसे, हात जागेवर राहत नव्हता म्हणून. तिने नंतर पुन्हा माती मळली नाही. मळायला घेतली होती, पण कोपर उचलेना.

त्या गोळ्यातून मी तीन कप काढले. एक वाळताना तडकला, एकाचा कान निघाला. तिसरा चांगला आला. पहिल्या, हलक्या भट्टीतून तो लालभडक होऊन निघाला, टणटणीत, ओलं बोट लावलं की पाणी पिणारा. आतून लेप मारून हलक्याच भट्टीत पुन्हा भाजला असता तर तेवढ्यावर काम झालं असतं. माय त्यातून चहा प्याली असती. हे मला आता माहीत आहे. तेव्हा मला त्याच्यावर संत्र्याची साल हवी होती. डॉक्टरच्या, बँकवाल्याच्या भांड्यांना येते तशी, मायच्या मातीला.

भट्टी भरायच्या दिवशी मी कप मॅडमना दाखवला. गावच्या मातीचा आहे, मायसाठी आहे, तिने स्वतः मळलीये, सगळं सांगितलं. मॅडमनी तो तळहातावर घेतला. नखाने वाजवला आणि कानाजवळ धरला. परत वाजवला. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आवाज आवडला असणार.

"ठेवूया," त्या म्हणाल्या. "मागच्या शेल्फवर. मी ठेवते."

मॅडम माझा कप स्वतःच्या हाताने ठेवणार, याचं मला केवढं वाटलं. मी पुढे शेल्फवर लोकांची भांडी लावत होते, गोळ्या चिकटवत होते. मागचं शेल्फ माझ्या बाजूने दिसत नाही. त्या काहीतरी जड सरकवत होत्या ते ऐकू आलं.

सकाळी लवकर आग लावली. जेवणानंतर सगळी बॅच आली, आठ जण होते. आधी काळे चष्मे वाटले. भट्टीला दोन भोकं आहेत, एक माझ्या बाजूला, त्यातून फक्त कोन दिसतात, आणि एक पलीकडे. दोनच्या सुमारास मॅडमनी पलीकडच्या भोकाची वीट काढली आणि सगळ्यांना तिकडे बोलावलं. मला म्हणाल्या, "तू पाणी उकळतं ठेव. सोडा चांगला विरघळव, नळी तुंबायला नको."

मी पातेल्यात सोडा टाकत होते. पाणी फसफसून वर येत होतं, त्यामुळे नजर तिथेच लागली होती. पलीकडून आवाज येत होते.

"ओह, ते वाकतंय."

"कान गेला बघ. गेला."

"थांब, व्हिडिओ घेते."

"बघून घ्या," मॅडम म्हणाल्या. "रोज बघायला मिळत नाही. कुणी काही बोलायचं नाही आता, तिचं फवारणीत लक्ष राहू दे."

शेवटचं वाक्य मला ऐकू आलं होतं. मला वाटलं, कोन वाकलाय. कोनालाही वाकलाच म्हणतात ना.

मग मी फवारायला घेतलं. दीड तास, दहा-दहा मिनिटांनी, दोन्ही बाजूंनी. पलीकडच्या भोकाशी गेले की बॅचमधले लोक बाजूला व्हायचे, जास्तच बाजूला. दातांच्या डॉक्टरने माझ्याकडे बघून मान खाली घातली. एक पोरगा हसू दाबत होता. मी मनात म्हणत होते, आग मागे जाते, सोडा मागे जाऊ दे, मागच्या शेल्फपर्यंत जाऊ दे. नळी जरा आत सरकवून मी मागच्या बाजूला जास्त मारलं. इतरांच्या भांड्यांच्या वाट्याचं थोडं चोरलंच म्हणा. नळी घातली की भोकात वाफेशिवाय काही दिसत नाही.

म्हणजे कप दोन तासांपूर्वीच वितळला होता, आठ माणसांनी तो वितळताना पाहिला होता, आणि मी एकटी त्याला चकाकी चढवत होते.

दोन दिवसांनी भट्टी उघडली. गरम विटा काढता काढता सगळे खूश होते, भांडी फार छान आली होती, मागची तर सर्वांत छान. मॅडमनी हातमोजे घालून मागच्या शेल्फवरून ते ताट काढलं आणि टेबलावर ठेवलं. ताट काठाचं होतं, तळाला पांढरी पावडर पसरलेली. ज्या मातीचा भरवसा नाही, ती शेल्फवर सांडू नये म्हणून तसं ताट खाली घालतात. मी ते घातलं नव्हतं.

"हलकी माती," मॅडम बॅचला म्हणाल्या. "चुलीसाठी, पणतीसाठी ठीक. अकराशेच्या वर गेली की वितळून बसते. आपल्या मातीबरोबर एका भट्टीत चालत नाही. हे कुठल्याही पुस्तकात पहिल्या पानावर असतं."

पुस्तकाचं म्हणाल्या तेव्हा कुणीच माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं नाही म्हणूनच मला कळलं की प्रत्येकाला माहीत आहे.

लोक गेल्यावर मी शेल्फ घासत होते. मॅडम चहा पीत बसल्या होत्या.

"मॅडम, तुम्हाला आधी कळलं होतं का?"

"वाजवलं तेव्हाच."

"मग सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तू हो मॅडम म्हणाली असतीस आणि विसरली असतीस. आता विसरशील?"

मी नाही म्हणाले.

"तुला वाचून येत नाही ना," त्या म्हणाल्या, अगदी शांतपणे, मला समजवत. "मग तुला असंच शिकवावं लागतं. आणि त्या आठ जणांचंही काम झालं. मी शंभरदा सांगून झालं नसतं." त्यांनी कप खाली ठेवला. "पुढच्या बॅचला सुरुवातीचं तू सांग. सोडा कसा, गोळ्या कशा. तुला जमेल. हे ताट टेबलावर ठेवत जा, समजावून सांगायला बरं पडतं."

मला राग यायला हवा होता. मला रात्रभर आनंदाने झोप आली नाही. झाडायला आलेली बाई मी, शिकवायला सांगितलं मला. ताट धुऊन, पुसून मी स्वतः टेबलावर ठेवलं. मायची बोटं त्यात कुठेच नव्हती. बघितलं मी नीट.

मायला मी स्टुडिओच्या मातीचा दोन कानांचा कप करून दिला. पुढच्या भट्टीतला, पुढच्या शेल्फवरचा, संत्र्याची साल चांगली आली होती त्याच्यावर. कापडात गुंडाळून घेऊन गेले. तिने दोन्ही हातांत धरला.

"लई जड झाला गं. आपली माती हलकी ऱ्हाती."

"भट्टीत जड होते माय."

"असंल," ती म्हणाली. मग चहा ओतून घेतला आणि प्याली, सांडला नाही. संध्याकाळी शेजारणींना बोलावून चहा केला. "मी मळलेल्या मातीचा हाय, मुंबईच्या भट्टीत भाजला," असं मायने प्रत्येकीला सांगितलं. एकीने कप वाजवून पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि कप मायच्या हातात परत दिला. ती पण चुलीच करते.

त्यानंतर किती बॅचेस झाल्या ते मी मोजलं नाही. मी आता बरं सांगते. मॅडम दारात उभ्या राहून ऐकायच्या, आता ऐकतही नाहीत.

गेल्या महिन्यात नवी बॅच होती. त्यात सीवूड्सची एक बाई, फार गोड बोलणारी, वही काढून सगळं लिहून घेणारी. पहिल्या दिवशी ताट तिच्या हातातून गेलं होतं. चुकीची माती, हेही तिने लिहून घेतलं असेल. भट्टी भरायच्या दिवशी तिने पर्समधून रुमालात गुंडाळलेला एक हत्ती काढला. लाल मातीचा, मुठीएवढा, सोंड वाकडी.

"माझ्या मुलाने शाळेत केलाय ताई. पहिलीच वस्तू त्याची. वाढदिवसाला सोड्यातून काढून द्यायचाय त्याला, सरप्राइज. चालेल ना?"

मी हत्ती तळहातावर घेतला. नखाने वाजवला. मऊ, मातकट आवाज आला, पणतीसारखा. ती माझ्याकडे बघत होती, मी त्या दिवशी मॅडमकडे बघत होते तशी. बाकीचे सात जण भांड्यांना गोळ्या लावत होते, एकाच्याही गोळ्या सारख्या नव्हत्या. सांगून कुणी ऐकत नाही. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तिला, हातात दिलं होतं.

"ठेवूया," मी म्हणाले. "मागच्या शेल्फवर. मी ठेवते."

"थँक्यू ताई."

मी फळीखालून ताट ओढलं, काठाचं, दुसरं. पावडर पसरली, बोटाने सारखी केली. मला इतकी वर्षं वाटत होतं की ताट ठेवताना मॅडमचा हात जरा तरी थरथरला असेल. आपण विचार करतो ना दुसऱ्याचा. हत्ती ताटाच्या मधोमध उभा केला, सोंड भोकाकडे करून, म्हणजे सगळ्यांना नीट दिसेल. माझा हात हलला नाही.